फुकटचं वतन

माझा धाकटा भाऊ चाळिशी ओलांडल्यावर घरी परत आला, तेव्हा त्याने आधी फोन करून परवानगी मागितली होती.

"ताई, पप्पांना विचारशील का? थोडे दिवस तुमच्याकडे राहिलो तर चालेल का म्हणून."

तो हिंजवडीत कंपन्यांच्या बस चालवायचा. आणखी तिघा-चौघा ड्रायव्हरांबरोबर एका खोलीत कॉट घेऊन राहायचा. पोटात दुखतंय हे त्याने वर्षभर अंगावर काढलं आणि शेवटी दवाखान्यात गेला तेव्हा कॅन्सर यकृतापर्यंत पोहोचला होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं, आता घरी जा. कुठलं घर, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला असणार.

मी वाघोलीत राहते. आई गेल्यापासून पप्पा आमच्याकडेच होते. माझा फोन झाला तेव्हा ते बाल्कनीत मेथी निवडत बसले होते. मी त्यांना भावाचा निरोप सांगितला. त्यांनी मान वर केली नाही.

"विचारायचं काय त्यात? येऊ दे की."

थोड्या वेळाने म्हणाले, "किती दिवस राहणार?"

"फार दिवस नाही, पप्पा."

"म्हणजे लगेच जाणार परत?"

मी त्यांच्या शेजारी खाली बसले. हातातली जुडी तशीच धरून ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना समजलं.

पप्पांबद्दल सांगायला हवं. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ते पोरवयात पुण्यात आले, मिशनच्या बोर्डिंगात शिकले, खडकीला एका कारखान्यात लेथवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. कारखान्याबाहेरचा सगळा वेळ त्यांनी देवाला दिला, आणि तोसुद्धा शिफ्ट लागल्यासारखा दिला. वाघोलीतली आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, लहान आहे. स्वतःचं देऊळ नाही, रविवारी सकाळी एक हॉल भाड्याने घेतो. आदल्या संध्याकाळी तिथे कुणाचा तरी वाढदिवस झालेला असतो. फरशीवर फुटलेले फुगे, केकचे चिकट डाग. पप्पा उपासनेच्या कितीतरी आधी जाऊन झाडू मारायचे, पुसायचे, खुर्च्या मांडायचे. ऐंशी उलटलेल्या माणसाला प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत उचलताना पाहून तरुण मुलं ओशाळून पुढे यायची. पप्पा त्यांना परत पाठवायचे. "तुम्ही तुमचं काम शोधा. हे माझं हाय."

ताप असला तरी जायचे. पाऊस असला तरी जायचे. एखादा रविवार चुकला तर वर कुठेतरी आपला खाडा लागेल, अशी त्यांची धास्ती होती. आई जिवंत होती तेव्हा म्हणायची, "देव काय यांचा फोरमन आहे?" पण ते ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती कधी म्हणाली नाही.

आणि गंमत अशी की तारण कृपेने मिळतं, कर्मांनी नाही, हे आम्हाला पप्पांनीच शिकवलं होतं. तारण म्हणजे पापातून सुटका, देवाचं दान, ते विश्वासाने घ्यायचं असतं, कमवायचं नसतं, हे रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही दोघं भावंडं म्हणून दाखवायचो. चुकलो तर पुन्हा म्हणावं लागायचं. बरोबर म्हटल्याशिवाय जेवण नाही.

भाऊ हुशार होता. देवळात भजनाला तबला वाजवायचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना एके दिवशी तो उठलाच नाही. म्हणजे जागा असायचा, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. कॉलेज बंद, तबला बंद, आंघोळसुद्धा सांगून करायची. आज असं कुणाच्या मुलाचं झालं तर आपण त्याला डॉक्टरकडे नेतो, त्या आजाराला नाव आहे. आमच्याकडे तेव्हा एकच नाव होतं, आळस. पप्पा सकाळी कारखान्यात जाताना त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढायचे. संध्याकाळी येऊन बघायचे तर तो तसाच. महिने गेले.

मग एका सकाळी आईने त्याला कसंबसं उठवून जेवायला बसवलं. ताटात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी वाढली. पप्पांची त्या दिवशी दुसरी पाळी असल्यामुळे ते घरी होते. काम न करणाऱ्याने खाऊही नये, हे शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, वचन त्यांनी मोठ्याने म्हटलं आणि ताट उचलून ओट्यावर ठेवलं.

"या घरात फुकट काही मिळत नाही," ते म्हणाले.

भाऊ चिडला नाही. उठला, हात धुतले, खरं तर हाताला काही लागलंच नव्हतं, चपला घातल्या आणि गेला. आई त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेली. तो वीस-बावीस वर्षं आला नाही असं नाही. नाताळात कधीतरी केकचा डबा घेऊन यायचा, पाहुण्यासारखा सोफ्याच्या टोकावर बसायचा आणि चहा घेऊन निघायचा. आईच्या मातीला आला, तेव्हा सर्वांच्या मागे उभा होता. पण जेवायला म्हणून तो आमच्या घरी पुन्हा कधी थांबला नाही.

आता आला तो एक सॅक घेऊन. माझ्या यजमानांनी त्याला आधार देऊन लिफ्टमधून वर आणलं. पप्पांनी स्वतःची खोली झाडून ठेवली होती, पलंगावर नवी चादर घातली होती आणि स्वतःसाठी हॉलमध्ये सतरंजी टाकली होती. "पप्पा, तुम्ही खाली नका झोपू," तो म्हणाला. पप्पा म्हणाले, "गप पड." एवढ्या वर्षांनी बापलेकांत झालेलं पहिलं बोलणं ते.

मी शाळेत शिकवते. माझे यजमानही दिवसभर कामावर. त्यामुळे दिवसभर घरात ते दोघंच असायचे. पप्पा त्याला अंघोळ घालायचे, दाढी करून द्यायचे, तांदळाची पेज चमच्याने भरवायचे. मी दुपारी घरी यायची तेव्हा कधी कधी दारातूनच पप्पांचा आवाज ऐकू यायचा, "आ कर. अजून एक. शहाणा हाय ना तू?" त्रेचाळीस वर्षांच्या मुलाला. मी चपला काढत तिथेच उभी राहायची. आत गेले की तो आवाज बंद होईल हे मला माहीत होतं.

जसजसा तो खंगत गेला तसतसे पप्पा घाबरत गेले. मरणाला नाही. कारखान्यात, मंडळीत, नात्यात त्यांनी खूप मरणं पाहिली होती. त्यांना घोर लागला होता तो मुलाच्या हिशोबाचा. वर गेल्यावर हा काय दाखवणार? शनिवारच्या एका दुपारी मी पलंगाच्या पायथ्याशी कपड्यांच्या घड्या घालत होते, तेव्हा त्यांनी विषय काढला.

"उपास धर दोन दिवस," ते म्हणाले.

भाऊ हसला. हसताना त्याला दुखायचं. "पप्पा, माझा रोजच उपास चाललाय."

"मग नवस बोल. बरा झालो तर सेवेला लागेन म्हण."

"मी बरा होणार नाहीये."

"मग काहीतरी कर, बाबा. काहीतरी कर. असं रिकाम्या हातानं देवापुढं उभं राहू नये."

भावाने नजर छताकडे वळवली. मग म्हणाला, "मी बोललोय त्याच्याशी. कंपनीच्या गेटबाहेर बस लावून तासन् तास बसायचो ना, तेव्हाच. म्हटलं, माझ्याकडे काही नाही. तुझ्या मुलाने क्रुसावर माझ्यासाठी केलं तेवढंच आहे. तू मला घे."

"मग?"

"मग काही नाही. घेतलं त्याने."

"एवढ्यावर?"

"एवढ्यावर."

"तुला कसं कळलं घेतलं म्हणून?"

"नाही म्हणाला असता तर कळलं असतं, पप्पा," तो अगदी साधेपणाने म्हणाला. "‘नाही’ हे मला लगेच ओळखू येतं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. आमच्या घरात टोमण्यांना उत्तर द्यायची सगळ्यांनाच सवय होती. पप्पा उठले आणि पेज गरम करायला गेले. ती गरमच होती.

तो एका सकाळी, ऊन खोलीत आलेलं असताना गेला. पप्पा शेजारी बसले होते. शेवटी त्रास झाला नाही. मी त्याचे डोळे मिटले तेव्हा पप्पा मला म्हणाले, "बघ, तोंड कसं दिसतंय. झोपलाय असं वाटतंय." आणि मग, लगेचच, "उठव की त्याला." मी त्यांना धरून बाहेर नेलं.

पुढच्या रविवारी पप्पा नेहमीप्रमाणे खुर्च्या मांडायला गेले. त्या दिवशी आमच्या पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, संदेश होता देवाच्या मुलांना मिळणाऱ्या वारशावर. आमच्या मराठी शास्त्रात त्या वारशाला वतन असा शब्द आहे. पाळक तिशीतले आहेत, मनापासून बोलतात. ते सांगत होते की हे वतन आपण कमावलेलं नाही, देवाने आपल्याला दत्तक घेतलं म्हणून ते आपलं झालं. संदेश अर्ध्यावर असतानाच पप्पा उठले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. असं त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

घरी येताना रिक्षात मी विचारलं, "काय झालं?"

"वतन म्हणतोय," ते म्हणाले. "त्याला काय माहीत वतन म्हणजे काय असतं."

मग त्यांनी मला त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. मला एवढंच माहीत होतं की आमचे पणजोबा गावात राहायचे. पप्पांनी आजवर यापलीकडे सांगितलं नव्हतं.

"आमच्या आज्याकडं वतन व्हतं. महारकीचं वतन. ओढ्याच्या कडेला जमिनीचा एवढासा तुकडा, त्यात चार वाटेकरी. आणि त्या तुकड्यापायी जन्मभर गावाची हाक. कुणी मेलं, पळ, पावण्यांच्या गावाला सांगावा दे. साहेब आला, पळ, त्याचं सामान उचल. ढोर मेलं, ओढ. जेवायला बसला असला तरी हाक आली की हात झटकून उठायचा. मी बारका व्हतो, त्याच्या ताटावर बसून र्‍हायचो, म्हातारा परत येईपर्यंत माशा हाकत. वतन फुकट नसतं, बाई. वतन म्हणजे राबणं. आणि राबून पण ते तुझं नसतं. एक दिवस नाही गेलास तर काढून घेतील, हे भ्या र्‍हातंच."

रिक्षा सिग्नलला उभी होती. रिक्षावाला आरशातून बघत होता. मी पप्पांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी आपलं अख्खं आयुष्य देवाच्या दारात कसं काढलं, ते मला त्या दिवशी समजलं. गावाच्या जागी देव मालक झाला होता, आजोबांची हाक तीच राहिली होती.

त्या आठवड्यात पाळक आमच्या घरी आले. रविवारचा विषय त्यांनी काढला नाही, तब्येतीची विचारपूस केली. मी चहा ठेवायला आत गेले. स्वयंपाकघर हॉलला लागूनच आहे, सगळं ऐकू येतं.

"साहेब, एक विचारू?" पप्पा म्हणाले.

"विचारा की, काका."

"माझ्या पोरानं काय केलं नाही. देवळात आला नाही, सेवा केली नाही, कुणाच्या उपयोगी पडला नाही. शेवटाला म्हणाला, मला घे. बास. त्याला मिळालं का ते वतन?"

पाळक म्हणाले, "मिळालं, काका."

"तुमची खात्री हाय?"

"त्याच्या कामावर असतं तर मला खात्री नसती. माझ्याबद्दलसुद्धा नसती. ते देणाऱ्यावर आहे, म्हणून खात्री आहे. त्याने विश्वासाने हात पुढे केला, एवढंच आपल्या बाजूचं असतं."

"वाटा किती मिळाला असंल? बारका असंल ना? कोपऱ्यातला?"

"त्यात वाटे नसतात, काका. देवाने मुलगा म्हणून घेतलं की सगळंच त्याचं. तुम्हाला जेवढं, तेवढंच त्याला."

मी कप हातात घेऊन तशीच थांबले. मला वाटलं, आता पप्पा भडकणार. साठ वर्षांच्या झाडलोटीला आणि भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मुलाला एकच माप, हे त्यांना कसं सोसवेल? पण त्यांचा आवाज चढला नाही. मग पप्पा म्हणाले, "म्हणजे देवानं त्याला फुकट घेतलं."

"हो, काका."

"आणि मी त्याला घरात नाही घेतलं."

पाळकांची खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

"वाढलेलं ताट व्हतं, साहेब. दोन पोळ्या. माझ्या हातानं उचललं."

आणि ते रडायला लागले. आई गेली तेव्हा रडले नव्हते, भाऊ गेला तेव्हाही नाही. आता आवाज करून, तोंड उघडं टाकून रडत होते. मी चहा तसाच ठेवून धावले. पाळक जमिनीवर त्यांच्या गुडघ्यांपाशी बसले होते. त्यांनी काही वचन म्हटलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे. पुष्कळ वेळाने ते एवढंच म्हणाले, "काका, तुम्हालाही तसंच आहे. फुकट. हेसुद्धा त्यात माफ आहे."

पप्पांनी जोरात मान हलवली. "त्याचं झालं ना? मग बास. माझं सोडा."

कृपा खरी आहे हे त्यांनी मानलं ते मुलासाठी. मुलाच्या बाबतीत ती खोटी असणं त्यांना परवडणारं नव्हतं. पण ती खरी म्हटली की त्यांनी ज्या नियमाने घर चालवलं तो नियम खोटा ठरत होता, आणि त्या नियमापायी मुलगा घर सोडून गेला होता. एकाच गोष्टीने त्यांना दिलासाही मिळाला आणि त्यांचं काळीजही फाटलं. मला त्यांची समजूत घालता येईना. कशातून बाहेर काढायचं त्यांना? जे दुःख होतं ते खरंच होतं.

त्यानंतर त्यांनी खुर्च्या मांडणं सोडलं. कुणाला काही सांगितलं नाही. उपासनेच्या वेळेला माझ्याबरोबर यायचे आणि दुसऱ्याने मांडलेल्या खुर्चीत, मधल्या कुठल्यातरी रांगेत बसायचे. पहिल्यांदा अवघडून, उठायच्या तयारीत असल्यासारखे. पुढे जरा टेकून बसायला लागले. ते सुखाने बसत होते की थकून, मला सांगता येणार नाही.

वर्ष पुरं व्हायच्या आत तेही अंथरुणाला खिळले. त्याच खोलीत. मी शाळेतून रजा घेतली. एका दुपारी त्यांचे पाय चेपताना मी विचारलं, "पप्पा, भीती वाटते का?"

"वाटती."

"कशाची? तुम्ही तर इतकं केलंत..."

ते माझ्याकडे बघून किंचित हसले. "बघ. तू पण तेच म्हणतीस."

मी पुन्हा पाय चेपायला लागले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "देवाची नाही वाटत आता. पोराची वाटती. समोर आला तर काय बोलू?"

"काही नका बोलू. तोच म्हणेल, पप्पा, बसा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. मग हळूच म्हणाले, "तेवढं म्हणाला तरी लई झालं."

त्यांचं आणि माझं झालेलं हे शेवटचं धड बोलणं. पुढचे दिवस गुंगीत गेले.

मातीला गर्दी झाली. नंतरही कितीतरी दिवस लोक भेटायला येत राहिले. प्रत्येक जण पप्पांच्या सेवेबद्दल बोलायचा. "एवढं केलं त्यांनी, त्यांची जागा तर वर पक्कीच." मी मान डोलवायची. मंडळीतल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, "मुलाने मात्र त्यांना कधी सुख दिलं नाही हो."

"दोघांनाही जागा एकाच कारणाने मिळाली, काकू," मी म्हटलं. त्या जरा गोंधळल्या आणि त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

मी हे बोलले त्यावर माझा विश्वास आहे. रविवारी मुलांना तेच शिकवते. माझ्या भावाला सगळं मिळालं, पप्पांनाही सगळं मिळालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण माझं रडणं त्याने थांबत नाही. वर त्याला काय मिळालं ते मिळो. मला तो इथे हवा होता. माझ्या लग्नात, आईच्या आजारपणात, माझी मुलं लहान असताना. रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, काही न करता नुसता पलंगावर लोळत पडलेला.